बेगड बेगडी नसते

मराठी भाषेने एका साध्या वस्तूवर मोठा अन्याय केला आहे. बेगड म्हणजे कागदाइतका पातळ, रंगीत, चकचकीत असा धातूचा पत्रा. लग्नातल्या बाशिंगावर, गौरी-गणपतीच्या मखरावर, मुलांच्या आकाशकंदिलावर ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटवले गेले. पुढे याच बेगडापासून आपण ‘बेगडी’ हे विशेषण घडवले आणि ते दांभिक माणसाला, खोट्या प्रेमाला आणि पोकळ देशभक्तीला बहाल करून टाकले. वरून झगमगाट आणि आत शून्य, असा त्याचा अर्थ. बिचाऱ्या बेगडाने मात्र आपण सोने असल्याचा दावा कधीच केला नव्हता. खोटेपणा वस्तूत नसतो, ती मिरवणाऱ्यात असतो. हे मला नव्याने समजले ते गेल्या दिवाळीत, फलटणला.

धाकटा भाऊ फलटणला राहतो. पुतणी चौथीत आहे. शाळेने मुलांना घरून आकाशकंदील करून आणायला सांगितले होते. सकाळी चहा घेत बसलो होतो, तेव्हा ती चमचमता, घडीचा, बाजारातून आणलेला कंदील मांडीवर घेऊन त्याच्या तळाशी नखाने काहीतरी खरवडत होती. मला पाहून म्हणाली, “काका, हे किमतीचं लेबल नीट निघत नाहीये. ओल्या फडक्यानं पुसू का?” मी विचारले, “मग तू स्वतःच का नाही केलास?” ती सहज उत्तरली, “मी केलेला नीट दिसत नाही. मग गुण कमी मिळतात.”

तिच्या स्वरात अपराधाची छटादेखील नव्हती. वर्गातली बहुतेक मुले हेच करतात, आईवडिलांना ते ठाऊक असते आणि बाईंनाही. नऊ वर्षांची मुलगी हस्तकलेच्या निमित्ताने लेबल खरवडायला शिकत होती. मी तिला रागावू शकलो नाही, कारण माझी स्वतःची मुलगी शाळेत असताना तिचा ‘प्रकल्प’ मीही वह्यांच्या दुकानातून तयार विकत आणला होता. कार्यालयातून परतायला उशीर झाला होता, एवढेच निमित्त. दुसऱ्याच्या डोळ्यांतले कुसळ पाहण्याचा अधिकार मी तेव्हाच गमावला आहे.

आमच्या लहानपणी घरे फार गुणी होती आणि आताची बिघडली, असे मला म्हणायचे नाही. तेव्हा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून हात चालत. कळकाच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने सांगाडा बांधायचा, कणकेची खळ शिजवायची, पतंगी कागद ताणून चिकटवायचा आणि कडांना बेगडाच्या पट्ट्या लावायच्या. बेगड महाग वाटे, म्हणून सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांतली ‘चांदी’ गोळा करून ती नखाने सपाट करायची. दिवाळीच्या किल्ल्यावर तीच चांदी तळ्याचे पाणी होई. आळीव टाकलेली तटबंदी, मातीचे मावळे आणि मध्ये चमकणारे तळे! महाराणी सईबाईंचे माहेर असलेल्या या गावात किल्ला करणाऱ्या मुलांना इतिहास शिकवावा लागत नसे. तो बोटांना चिकटलेल्या मातीतून आपोआप आत उतरत असे.

आपल्या मुलखाची सारी उत्सवी कला याच कागदा-बेगडावर उभी आहे. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि बाळाच्या अंगावर घालायचे हलव्याचे दागिने पुठ्ठा, सोनेरी कागद आणि दोरा यांवरच बेततात. रुखवतात मांडलेल्या वस्तूंत वधूच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या हाताची परीक्षा असे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत बांबू, दोरा आणि रंगीत कागद यांतूनच उभे राहतात आणि त्यात हिंदू घराणीही मानाने सहभागी होतात. साहित्य कवडीमोलाचे, मोल सारे हातांचे. म्हणूनच ते बेगडी नव्हते.

मधल्या काळात काय झाले? आधी थर्मोकोल आला. मखर घरी करण्याऐवजी तयार आणण्याची सवय त्याने लावली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकसोबत सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदा वापरून फेकायच्या वस्तूंच्या बंदीत सजावटीच्या थर्मोकोलचा समावेश केला. निर्णय योग्यच होते. परंतु थर्मोकोलची जागा हातांनी घेतली नाही, ती दुसऱ्या तयार मालाने घेतली. आज ‘चमकी कागद’ म्हणून मिळणारा पुष्कळसा माल कागद नव्हे आणि धातूही नव्हे. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर निर्वात पोकळीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवून तो केलेला असतो. ही दोन द्रव्ये सहजासहजी वेगळी होत नाहीत, त्यामुळे त्याचा पुनर्वापर दुष्कर ठरतो आणि सण सरला की तो ओढ्याकाठी पडून राहतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. मुठीत चुरगळून पाहावा. चुरगळलेला तसाच राहिला तर तो धातूचा वर्ख, मूठ सोडताच उलगडू लागला तर प्लॅस्टिक. ही परीक्षा पहिलीतले मूलही करू शकते, आणि ती करताना जे शिकते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक पक्के बसते.

कोणी म्हणेल, देशापुढे एवढे गहन प्रश्न असताना चमकी कागदाचे काय घेऊन बसलात? याचे उत्तर फलटणमध्येच आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर विवाहानंतर या देशाच्या झाल्या आणि १९५० साली त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. व्यवसायोपचाराचे सूत्र साधे आहे. आजाराने वा अपघाताने खचलेल्या माणसाच्या हातांना अर्थपूर्ण काम द्यावे. हात सावरतात, आणि हातांबरोबर मनही सावरते. याच कमलाबाईंचे नाव फलटणच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेला आहे. फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी येऊन इथल्याच होऊन गेलेल्या मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८६ मध्ये तिचे कमला निंबकर बालभवन सुरू झाले. ज्या हस्तकामाने खचलेला माणूस पुन्हा उभा राहतो, ते वाढत्या मुलाला किती बळ देत असेल, याचा विचार या नावापाशी थांबून प्रत्येक पालकाने करावा.

हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून त्यांना सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्याकडे शिकायला पाठवण्याची शिफारस केली आहे. धोरणे उत्तम आहेत. परंतु चौथीपर्यंत ज्याने कात्रीच धरली नाही, ते मूल सहावीत सुताराच्या पटाशीपुढे बावरणारच. पाया बालवयात घातला पाहिजे, आणि त्यासाठी चकचकीत कागदाइतके स्वस्त, निर्धोक आणि मुलांना भुरळ घालणारे साधन दुसरे नाही.

काय करता येईल? पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घ्यावी. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही ती पातळ असते. तिची एक बाजू अधिक चकचकीत का, हे मुलांना विचारावे. कारखान्यात शेवटच्या वेळी दोन पत्रे एकत्र लाटतात, रुळाला लागलेली बाजू चमकते आणि आतली मंद राहते. मग पुठ्ठ्यावर खळीने सुतळीची स्वस्तिकाची, मोराची वा पानाची नक्षी चिकटवावी, ती वाळली की वर फॉइल अंथरून कापसाच्या बोळ्याने हलके हलके दाबावे. नक्षी उठून दिसते. त्यावर काळी शाई फासून लगेच पुसली की खोलगट भागात काळेपणा राहतो आणि जुन्या चांदीच्या प्रभावळीचा भास होतो. देवघरातल्या प्रभावळीवर कारागिराने ठोकून काढलेले उठावाचे काम कसे झाले असेल, हे मुलाला त्या क्षणी उमगते. पुण्याच्या तांबट आळीतले हात काय किमया करतात, हे सांगायला मग व्याख्यान लागत नाही.

रिकाम्या खोक्याच्या एका भिंतीला चौकोन कापून तिथे फॉइल लावावी, तिला सुईने एकच बारीक छिद्र पाडावे, समोरच्या भिंतीच्या जागी पातळ तेलकट कागद ताणावा. छिद्र उजेडाकडे करून डोक्यावर चादर घेतली की अंगणातले झाड त्या कागदावर उलटे उभे राहते. निरांजनामागे फॉइल लावलेला पुठ्ठा ठेवला की उजेड वाढतो. परावर्तनाचा धडा देवघरातच होतो. दोन पथ्ये मात्र पाळावीत. प्लॅस्टिकची चमकी ज्योतीजवळ नेऊ नये, आणि धातूच्या फॉइलमधून वीज वाहते, म्हणून दिव्याच्या होल्डरजवळ ती लावू नये.

शाळांना माझे एवढेच सांगणे आहे. कार्यानुभवाची वस्तू ‘घरून करून’ मागवू नये. ती वर्गात, बाईंच्या डोळ्यांदेखत व्हावी. चाळीस मुलांचा वर्ग, अपुरा वेळ, सांडलेली खळ या अडचणी खऱ्या आहेत, परंतु महिन्यातून दोन तासिका सलग जोडल्या तर त्या सुटतात. आणि गुण देखणेपणाला देऊ नयेत. “हे कसं केलंस?” एवढा एकच प्रश्न विचारावा. ज्याने केले असेल तो अडखळत का होईना, पण सांगेल. विकत आणलेल्याला उत्तरच नसेल. सणाची बाजारपेठ परदेशी मालाने भरली म्हणून आपण हळहळतो, स्वदेशीची आठवण काढतो. पण मुलांच्या हातून कात्री काढून घेणारे आपणच असलो, तर ती हळहळही बेगडीच नव्हे काय?

त्या संध्याकाळी पुतणीला घेऊन बसलो. माझेही हात विसरले होते. पहिला सांगाडा मोडला, दुसरा तिरपा झाला, खळ पातळ झाली. तरीही रात्री नऊच्या सुमारास एक कंदील दारावर लागला. त्याची एक शेपटी दुसरीहून चार बोटे आखूड होती. उरलेली फॉइल तिने न विचारताच किल्ल्यावर नेली आणि तळ्यात अंथरली. दुसऱ्या दिवशी ती तोच वाकडा कंदील शाळेत घेऊन गेली. बाजारचा घरीच राहिला. तिला गुण किती मिळाले, ते मी विचारले नाही. निघताना तिचे नख मात्र पाहिले. त्यात लेबलाचा गोंद नव्हता, वाळलेली खळ होती.