नागरिकाच्या मनगटावर पिवळी तबकडी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही विजेचे बिल तपासत बसलो होतो, तोच शेजारच्या चाळीतला एक मुलगा दारात उभा राहिला. "जयभीम काका. पाच मिनिटं बसू का?" मागोमाग त्याची आईही आली. दोघांचे चेहरे पाहूनच आम्ही ओळखले, की मामला पैशाचा आहे. या सदरामुळे आमच्याकडे अशी माणसे येतात. कोणाला मिक्सर घ्यायचा असतो, तर कोणाला शिलाई मशीन. या वेळी वस्तू निराळी होती. मनगटी घड्याळ!

मुलगा वायरमन आहे. त्याचे वडील, ज्यांना सारी चाळ आबा म्हणते, एका कारखान्यात फिटर. पुढच्या वर्षी मे अखेर ते निवृत्त होणार. त्या दिवशी वडिलांच्या हातावर सिटिझन कंपनीचे 'त्सुयोसा' नावाचे ऑटोमॅटिक घड्याळ बांधावे, असे मुलाच्या मनात आहे. तेही पिवळ्याधमक तबकडीचे. दुकानदार म्हणतो, हप्त्यावर आजच घेऊन जा.

"भाऊ, तुम्हीच सांगा ह्याला," आई म्हणाली. "जूनमध्ये धाकटीची नर्सिंगची फी भरायची आहे, आणि ह्याला घड्याळ सुचतंय. ह्याचे वडील तर म्हणतात, माझं एचएमटी चालतंय की अजून."

वाचकहो, न वापरता वस्तूवर मत देणे आम्हांला पटत नाही. योगायोगाने आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याकडे हेच घड्याळ, याच रंगाचे आहे. ते आम्ही आठ दिवसांसाठी मागून घेतले आणि हातावर बांधले. काय आढळले ते इथे मांडतो.

आधी ऑटोमॅटिक म्हणजे काय ते समजून घेऊ. यात सेल नसतो. आत एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिच्यावर अर्धचंद्रासारखे एक वजन फिरते. आपण चालताना, लिहिताना, जेवताना हात हलतो, वजन फिरते आणि स्प्रिंगला चावी बसते. म्हणजे माणूस काम करतो तोवर घड्याळ चालते. या घड्याळातील यंत्राला ८२१० असा क्रमांक आहे. ते तासाला २१,६०० ठोके देते, म्हणजे सेकंदाला सहा. त्यामुळे सेकंदकाटा टक्‌टक् उड्या न मारता जवळजवळ सरकत जातो. मागच्या बाजूलाही काच आहे, तिच्यातून हे सारे दिसते. आमच्या घरची मुले जेवण सोडून तेच पाहत बसली. दुकानदार '२१ माणके' असे मोठ्या तोऱ्यात सांगतात. त्याला भुलू नये. ही माणके कृत्रिम असतात, आणि चाकांच्या दांड्या झिजू नयेत म्हणून बसवलेली असतात. त्यांना दागिन्याचे मोल नाही.

घड्याळ पूर्ण भरले, की काढून ठेवल्यावर सुमारे ४० तास चालते असे कंपनी सांगते. आम्ही शनिवारी रात्री नऊ वाजता काढून ठेवले. सोमवारी दुपारी जेवणाची सुट्टी संपली तेव्हा ते थांबलेले होते. हिशेब जुळला.

आता वेळेचे. आठ दिवसांत घड्याळ दीड मिनिट पुढे गेले, म्हणजे दिवसाला अकरा-बारा सेकंद. ही बिघाडाची खूण नव्हे. दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे, एवढी मोकळीक कंपनीनेच ठेवली आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात बारा सेकंदांची चूक म्हणजे एका टक्क्याचा सुमारे सत्तरावा भाग. चाकांच्या यंत्राला ही काही कमी शाबासकी नाही. परंतु शंभर-दोनशे रुपयांच्या सेलच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि ते महिनाभरात जेवढे चुकते तेवढे हे एक-दोन दिवसांत चुकते. हे खरे सांगितलेच पाहिजे. ज्याला सकाळची गाडी पकडायची आहे, दारावर अंगठा टेकवून हजेरी लावायची आहे, त्याच्यासाठी सेलचे घड्याळ उत्तम.

मग या घड्याळाचे चांगले काय? एक तर काच. ती सफायरची आहे. जुन्या प्लॅस्टिकच्या काचेवर ओरखडे पडत, मग आपण ती टूथपेस्टने घासत बसायचो. ही काच सहजी चरत नाही. तारखेच्या खिडकीवर छोटे भिंग आहे, उतारवयातील डोळ्यांना ते उपयोगी. चावी तीनच्या जागी नसून चारच्या जागी आहे, त्यामुळे मनगटाला बोचत नाही. पाणी ५० मीटरच्या प्रतीपर्यंत सोसते. याचा अर्थ पावसाला आणि हात धुण्याला भिऊ नये. ते बांधून खोल पाण्यात सूर मारावा, असा मात्र अर्थ घेऊ नये.

उणी बाजूही ऐका. आतले वजन एकाच दिशेने फिरताना चावी देते. उलट दिशेला ते मोकळे फिरते आणि शांत खोलीत त्याची घरघर ऐकू येते. स्टीलचा पट्टा घड्याळाच्या अंगालाच जुळवून केलेला आहे. एचएमटीचा पट्टा तुटला की फुटपाथवर दुसरा मिळे. इथे साधा पट्टा नीट बसत नाही, याच घाटाचा शोधावा लागतो. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावे लागेल, आणि यंत्र उघडून जाणणारे घड्याळजी आता गल्लोगल्ली राहिलेले नाहीत. आणखी एक, रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख हाताने बदलू नये. त्या वेळी आतली दातेरी चाके तारीख ढकलण्याच्या कामाला लागलेली असतात.

आबांच्या एचएमटीचे आणि या घड्याळाचे एक जुने नाते आहे, ते बहुतेकांना माहीत नसते. १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला, तो याच जपानी सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. त्या आधी १९२४ साली जपानमध्ये एक खिशातले घड्याळ निघाले. टोकियोचे महापौर राहिलेले गोतो शिंपेई यांनी त्याला 'सिटिझन' हे नाव दिले. सिटिझन म्हणजे नागरिक. घड्याळ सर्वसामान्य नागरिकाच्या हाती जावे, ही त्यामागची भावना. आपल्याकडे एचएमटीने आपल्या एका घड्याळाला 'जनता' नाव दिले. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण आबांच्या मनगटावरची 'जनता' अजून चालते आहे.

याच जागी एक सावधगिरीचा इशारा. मुलगा आधी दीड-दोन हजारांत रंगीत तबकडीचे जुने ऑटोमॅटिक घेणार होता. बाजारात अशी घड्याळे पुष्कळ आहेत. जुन्या घड्याळाची तबकडी खरवडून, तिच्यावर लाल, केशरी, हिरवा असा भडक रंग देऊन ती नव्यासारखी विकतात. परदेशांतील शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून हसतात! भिंगाखाली अक्षरे फाटलेली, पसरलेली दिसली, काटे तबकडीला न शोभणारे असले, तर समजावे की रंग नवा आणि आतले यंत्र झिजलेले. तबकडी पाहून घड्याळ घेणे म्हणजे चेहरा पाहून उधार देणे.

आता पैशाचा मुद्दा. हे घड्याळ २०२२ साली युरोपात २९९ युरोला निघाले, त्या वेळच्या दराने सुमारे २५ हजार रुपये. शौकिनांच्या जगात याला स्वस्त म्हणतात. आपल्या घरांत तो एका माणसाचा महिन्याचा पगार आहे. हे विसरून 'स्वस्त' शब्द वापरणे आम्हांला जमत नाही. इथल्या दोन-तीन दुकानांत भाव विचारूनच घ्यावे. आणि 'शून्य टक्के व्याजाचे हप्ते' या बोलण्याला फसू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले आहे. व्याज प्रक्रिया शुल्कात लपते, नाही तर रोखीची सूट हातची जाते.

आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही ते घड्याळ घेऊन आबांकडे गेलो. "एकदा हातावर घालून तर पाहा," म्हटले. त्यांनी एचएमटी काढून उशाशी ठेवले, हे बांधले आणि लगेच शर्टाची बाही खाली ओढली.

"काय झालं आबा?"

"असलं पिवळं घालून मी कुठं जाऊ? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला."

आम्ही विचारले, "आबा, इतकी वर्षं घड्याळ कशासाठी बघितलंत?"

"भोंग्यासाठी," ते म्हणाले. "तीन लेट मार्क झाले की एक रजा जायची."

आम्हांला आमचे उत्तर तिथेच मिळाले. ज्या माणसाने सारा जन्म दुसऱ्याच्या वेळेसाठी मिनिट मोजले, त्याला निवृत्तीनंतर बारा सेकंदांची काय चिंता? त्याच्या हाताने चालणारे, त्याच्या मर्जीने थांबणारे आणि डोळ्यांना आनंद देणारे घड्याळ त्याने का बांधू नये? चांगली वस्तू अंगावर घालायला आपल्या माणसाने बाही का ओढावी?

पण आनंदही हिशेबात बसला पाहिजे. म्हणून आम्ही तिघांना बसवून सांगितले. पहिली फी धाकटीची, त्यात तडजोड नाही. हप्त्यावर घड्याळ नको. निवृत्तीला वर्ष आहे. मुलाने बँकेत आवर्ती ठेव उघडावी, महिना २,५०० रुपयांची. वर्षात ३०,००० जमतील, व्याज वेगळे. घड्याळ घ्यावे, उरेल ते पुढच्या सर्व्हिसिंगला ठेवावे. एखाद्या महिन्यात अडचण आली तर पैसे घराचे आहेत, घड्याळ थांबेल. आणि एचएमटी विकू नये. साफ करून ते मुलाने स्वतः बांधावे.

आई म्हणाली, "हे बरं आहे." मुलाने मान हलवली. निघताना आम्ही घड्याळ परत मागितले. आबांनी बाही वर सारली होती. खिडकीच्या उजेडात ते मनगट हलवून पाहत होते.

"थांबा हो जरा," ते म्हणाले, "वेळ तर बघू द्या."