वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी

सोनगीरचा तांब्याचा हंडा घेताना आपली माणसे दर विचारतात, वजन पाहतात, घडणावळ ठरवतात आणि मगच पैसे मोजतात. तीच माणसे धुळ्याच्या न्यायालयात मात्र फीविषयी शब्दही न काढता वकीलपत्रावर अंगठा उमटवितात. विद्वानाशी पैशाची बोलणी करणे हा उद्धटपणा ठरेल, अशी त्यांना भीती वाटते. पिढ्यानपिढ्या मान खाली घालावयास लावल्याचा हा अवशेष आहे, असे आमचे मत आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बांधाच्या दाव्यात तारखेगणिक पैसे भरले. अखेर शेळ्या विकल्या. एकूण फी किती, हे त्यांनी विचारले नव्हते. पावती एकही नव्हती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रिया व बालकांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. हे त्या गृहस्थांस ठाऊक नव्हते, आणि आम्ही शिकलेल्यांनी ते सांगितले नव्हते.

खाजगी वकील नेमावयाचा असल्यास आधी विचारावे: फी संपूर्ण दाव्याची की तारखेची? न्यायशुल्क, टंकलेखन व नकलांचा खर्च तीत धरला आहे काय? अपिलाचे काय? परवडत नसल्यास कमी करण्याची विनंती करावी, हप्ते मागावेत. ठरेल ते लिहून घ्यावे. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास अथवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांस मनाई आहे. थकलेल्या फीपोटी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते. त्या स्मरणार्थ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण दरवर्षी जमतो. वकिली हा त्यांच्याही चरितार्थाचा व्यवसाय होता. म्हणून फी घेण्यात काही गैर नाही. ती आधी विचारण्यातही नाही.

आपल्या वसतिगृहातील कित्येक मुले घरातील पहिली वाचणारी आहेत. न्यायालयाचा कागद घरी आला की तो त्यांच्याच हाती दिला जातो. दहावीची परीक्षा देण्यापूर्वी त्यांना एक वकीलपत्र वाचावयास आणि एक पावती मागावयास शिकवावे, एवढीच आमची या संस्थेस नम्र सूचना आहे.