ऑप्शनला टाकलेलं गणित

परवा भाची आली ती तोंड एवढंसं करून. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. निकाल लागला आणि एम-वनला केटी! याच मुलीला बारावीनंतरच्या सीईटीत गणितात नव्व्याण्णवच्या वर पर्सेंटाइल होते, त्याचे पेढे मी स्वतः खाल्लेत. ताईचा आधीच फोन येऊन गेला होता, "तू शिकवायचीस ना हाच विषय? बघ जरा हिचं काय चुकतंय."

चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग मी कागद-पेन घेऊन बसले.

"एक्स वर्गाचा डेरिव्हेटिव्ह?"

"टू एक्स. मावशी, इतकं काही वाईट नाहीये माझं!"

"बरं. म्हणजे एक्स तीन असताना सहा. हे सहा म्हणजे काय?"

"सहा म्हणजे... सहा. उत्तर आहे ते."

मग मी तिला एक इंटिग्रल दिलं. एक भागिले एक्स वर्ग, वजा एकपासून एकपर्यंत. अर्ध्या मिनिटात सोडवलं पोरीने. उत्तर वजा दोन. खाली दोन रेघाही मारल्या.

"हे फंक्शन कधी निगेटिव्ह असतं का गं?"

"नाही, खाली स्क्वेअर आहे ना."

"मग सगळा आलेख अक्षाच्या वर असताना त्याच्याखालचं क्षेत्रफळ वजा दोन कसं आलं?"

ती कागदाकडे बघत राहिली. खरं म्हणजे शून्यापाशी हे फंक्शन आकाशाला भिडतं, त्यामुळे दोन टोकांच्या किमती घालून वजाबाकी करायचा नेहमीचा नियम इथे लागूच होत नाही, आणि ते क्षेत्रफळ मोजता येईल इतकं मर्यादितही नाही. पण ते तिला माहीत नव्हतं याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की वजा दोन लिहिताना तिला काहीच खटकलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मावशी, असा प्रश्न येत नाही पेपरात."

हे वाक्य ऐकून मी गप्पच झाले. सात वर्षं मी एका खाजगी कॉलेजात एम-वन शिकवत होते आणि हेच वाक्य मी स्वतः किती मुलांना ऐकवलंय याची मोजदाद नाही.

आता मुद्द्याचं. कॉलेजातल्या पहिल्या कॅल्क्युलसबद्दल आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हल्लीच्या पोरांची लायकीच नाही, गल्लोगल्ली कॉलेजं काढली, दुसरं काय होणार. दुसरा म्हणतो, सिलॅबस फार अवघड आहे, कमी करा, आयटीत कुठे लागतंय इंटिग्रेशन! २०२१ साली एआयसीटीईच्या हँडबुकात बारावीला गणित नसलेल्यांनाही काही शाखांचं दार उघडण्याची भाषा आली, तेव्हा हे दोन्ही पक्ष अगदी हिरिरीने भांडले. पण भांडण सगळं दारावरचं. आत कोण यावं, कोण नाही. आत आल्यावर मुलांकडून आपण नक्की काय मागतो, यावर फारसं कोणी बोललं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण फार मागतो हे खोटं आहे. आपण फार कमी मागतो, आणि जे मागतो ते भलतंच मागतो.

सुरुवात सीईटीपासूनच बघा. गणिताचे पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. एका प्रश्नाला दोन मिनिटंही येत नाहीत. क्लासवाले शिकवतात, इंटिग्रेशनचा प्रश्न आला की इंटिग्रेट करत बसू नका, चारही पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह काढा, जो जुळेल त्याच्यावर खूण करा. युक्ती झकास आहे, मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पण दोन वर्षं हेच केल्यावर मूल कॉलेजात येतं ते संकलन उलटीकडून ओळखायला शिकून, करायला शिकून नव्हे.

मग कॉलेज. पहिल्या दिवशी नियम सांगतात. पंच्याहत्तर टक्के हजेरी, नाहीतर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. असाइनमेंटची फाईल वेळेत, नाहीतर टर्मवर्क नाही. या विषयातून तुम्हाला काय समजायला हवं आणि ते समजलंय हे आम्ही कसं ओळखणार, याबद्दल एक अक्षर नाही. मुलं शहाणी असतात, त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं की इथे कशाला भाव आहे. फायली छापल्या जातात. हुशार मुलाची एक फाईल फिरते आणि तिच्या साठ प्रती निघतात, चुकांसकट! परीक्षा आली की मागच्या पाच वर्षांचे पेपर काढायचे, ऑयलरच्या प्रमेयावर कुठल्या तीन प्रकारची गणितं येतात ती पाठ करायची, लायब्निट्झचं प्रमेय एक प्रकार, लॅग्रांजची पद्धत एक प्रकार, आणि उरलेलं ऑप्शनला टाकायचं. काय काय ऑप्शनला जातं? आलेख जातो, व्याख्या जाते, 'का' जातं. एक मूल स्वतःच्या हुशारीने एखादा धडा सोडतं ते ठीक. इथे सगळी व्यवस्थाच विषयाचा गाभा ऑप्शनला टाकून बसली आहे.

आणि केटी? नाव काय तर टर्म चालू ठेवायची मुभा. मुभा हवीच, एका विषयापायी वर्ष बुडावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण केटी लागलेल्या मुलाला आम्ही देत होतो काय? फी भरायची तारीख आणि फॉर्म. त्या विषयाचा एक तास नाही, कोणी शेजारी बसून तुझं कुठे अडतंय म्हणून विचारणं नाही. जे एकदा समजलं नाही ते न समजताच पुन्हा लिहायला या, एवढंच.

मी हे सगळं बाहेरून बोलत नाहीये, म्हणून माझ्या वाटणीचंही सांगते.

माझ्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी एक मुलगा होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, वडील शेती करायचे, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर. मी फळ्यावर एक्स वर्गाचा डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढत होते. तीन अधिक एच, त्याचा वर्ग, त्यातून नऊ वजा. उरले सहा एच अधिक एच वर्ग. एचने भागलं, सहा अधिक एच. आता एच शून्य ठेवा, उत्तर सहा. याने हात वर केला.

"मॅडम, एच शून्य असेल तर भागता येणार नाही. म्हणून आधी म्हणालात की एच शून्य नाही. मग शेवटी शून्य कसा ठेवला?"

वर्ग हसला. मला पाच वाजायच्या आत तो टॉपिक संपवायचा होता. मी म्हणाले, "ते लिमिट असतं. परीक्षेत विचारत नाहीत, पुढे चला."

१७३४ साली आयर्लंडच्या जॉर्ज बर्कली नावाच्या पाद्र्याने न्यूटनच्या पद्धतीवर एक जहाल पुस्तक लिहिलं, 'द अ‍ॅनालिस्ट'. त्यातला मुख्य आक्षेप हाच! आधी शून्य नाही म्हणून भागायचं आणि नंतर शून्य म्हणून टाकून द्यायचं, हे कुठलं तर्कशास्त्र? युरोपातल्या भल्याभल्यांना त्याचं धड उत्तर देता आलं नाही. १८२१ मध्ये कोशीने लिमिटवर सगळी इमारत नव्याने रचायला घेतली आणि पुढे वायरस्ट्रासने ती पक्की केली, तेव्हा कुठे समाधान झालं. म्हणजे ज्या प्रश्नाने गणितज्ञांना शतकभर झुंजवलं तो प्रश्न आमच्या शेवटून दुसऱ्या बाकावर स्वतःहून उगवला होता, आणि मी त्याला पुढे चला म्हणाले.

तेवढ्यावर संपलं असतं तरी बरं. सेमिस्टरच्या शेवटी फायली आल्या. साऱ्या वर्गाच्या एकसारख्या, सुबक. याची एकट्याची वेगळी, खाडाखोड केलेली, निम्मी गणितं चुकलेली, पण प्रत्येक ओळ त्याची स्वतःची. टर्मवर्कचे मार्क पंचवीसपैकी होते. छापलेल्यांना मी बावीस-तेवीस दिले, कारण उत्तरं बरोबर होती. त्याला चौदा. नियमाप्रमाणे मी काहीच चूक केली नाही. तो मार्क बघायला आला, काही वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मीपण छापलं असतं तर चाललं असतं का?" त्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच माहिती हवी होती. पुढच्या सेमिस्टरला त्याची फाईल सुबक होती. हात मात्र पुन्हा कधी वर झाला नाही.

असो. हे आठवलं की अजून झोप उडते.

"साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे सगळं जमतं का हो?" असं माझे जुने सहकारी विचारतात. तर त्याच बर्कली पाद्र्याच्या नावाने कॅलिफोर्नियात एक गाव आहे आणि तिथलं विद्यापीठ प्रसिद्ध आहे. १९७०च्या दशकात तिथे यूरी ट्राइजमन नावाच्या तरुणाला एक कोडं पडलं होतं. पहिल्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने मागे पडत होती आणि चिनी वंशाची मुलं पुढे जात होती. प्राध्यापकांची मतं ठरलेली, मुलांची तयारी कमी, घरून पाठबळ नाही, आच नाही. याने मुलांबरोबर राहून ती अभ्यास कसा करतात ते पाहिलं. मागे पडणारी मुलं कष्टाळू होती, पण एकटी बसून अभ्यास करायची. पुढे जाणारी एकत्र बसायची, एकमेकांची गणितं तपासायची, वाद घालायची. त्याने काय केलं? सोपे वर्ग काढले नाहीत. उलट जास्त अवघड गणितं दिली आणि ती गटात बसून सोडवायला लावली. मुलं वर आली. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. मूल मागे पडलं की गणितं सोपी करायची आणि त्याला एकटं सोडायचं.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. पहिल्या आठवड्यात बिनमार्कांची एक चाचणी घ्या, अपूर्णांक, फंक्शन, आलेख एवढ्यावरच, आणि जिथे भोक आहे तिथे तिथल्या तिथे ठिगळ लावा. हजेरीला मार्क देणं बंद करा. पंधरा असाइनमेंटच्या जाड फायलीऐवजी दर आठवड्याला तीनच गणितं द्या, पण आठवड्याभरात तपासून परत करा, आणि स्वतःची चूक छापील बरोबर उत्तरापेक्षा मोलाची धरा. ट्युटोरियल वेळापत्रकात असतं ते वेळापत्रकाबाहेरही असू द्या, चार-चारच्या गटात बसवून. केटीच्या मुलांचा तास लावा. आणि प्रत्येक पेपरात एक प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर वाक्यांत लिहावं लागेल, आणि तो सक्तीचा करा. त्याला ऑप्शन नको.

यातलं शेवटचं तर आता टाळताच येणार नाही. गणिताचा फोटो काढला की मोबाइल पायऱ्यांसकट उत्तर देतो, आमच्या जुन्या पेपरातली बहुतेक गणितं त्याला सहज येतात. जे मोबाइल करतो तेच करायला चार महिने मुलं कोंडून ठेवायची असतील तर फी कसली घेता? माणसाकडून मागायचं ते हेच, की समोर आलेलं वजा दोन बघून त्याला शंका यावी. पूल बांधणाऱ्याला, औषधाची मात्रा ठरवणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही शंका येत नसेल तर ते कोणाला परवडेल?

भाची रात्री राहिली. जेवणं झाल्यावर बघते तर पुन्हा तो कागद घेऊन बसलेली. आलेख काढला होता, शून्याच्या दोन्ही बाजूंनी वर वर जाणारा.

"मावशी, हे वर जातच राहतंय गं. मग उत्तर काढायचं कसं?"

घड्याळात साडेदहा वाजले होते. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढली.