विश्लेषण : ‘बिअरच तर आहे’ म्हणण्याआधी... पिंपात मुरलेल्या १४ टक्क्यांचे गणित काय?

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेत एका काळ्याभोर बिअरसाठी दुकानांबाहेर रांगा लागतात. शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीची ही ‘बोर्बन काउंटी स्टाउट’. अल्कोहोल साधारण १४ टक्के. भारतात अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘स्ट्राँग’ बिअरची मर्यादाच ८ टक्के आहे. नाव बिअरचे आणि ताकद वाइनची असलेले हे पेय बिअरसारखे प्यायले, तर चवही हुकते आणि अंदाजही.

पिंप का महत्त्वाचे?

अमेरिकी कायद्यानुसार बोर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. तेच पिंप बोर्बनसाठी पुन्हा चालत नाही. अशी रिकामी पिंपे स्कॉच, रम आणि बिअर बनवणाऱ्यांकडे जातात. १९९० च्या दशकात गूज आयलंडच्या ग्रेग हॉल यांनी त्यांत स्टाउट भरली आणि या प्रकाराला ओळख मिळाली. पिंपाच्या लाकडात व्हिस्की जिरलेली असते. तापमान चढते-उतरते तशी बिअर लाकडात शिरते आणि बाहेर येते. येताना व्हॅनिला, कॅरॅमल, धूर आणि थोडे जास्तीचे अल्कोहोलही घेऊन येते.

चव कशी घ्यायची?

सर्वात मोठी चूक म्हणजे ती बर्फासारखी गार करणे. अति थंडाव्यात वास दबतो, आणि या बिअरमध्ये निम्मी गंमत वासातच आहे. बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी. तोंडाशी निमुळत्या ग्लासात १०० मिली ओतावी. आधी हुंगावे, मग छोटा घोट घेऊन जिभेवर फिरवावा. सुरुवातीला भाजलेल्या माल्टची कॉफी-चॉकलेटसारखी कडवट चव लागते, मागून गोडवा येतो आणि शेवटी घशात व्हिस्कीची ऊब उतरते. ग्लास कोमट होत जातो तशी चवही बदलते.

गणित काय सांगते?

५०० मिलीची बाटली धरली, तर १४ टक्क्यांनी त्यात ७० मिली शुद्ध अल्कोहोल होते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये ते सुमारे २६ मिली असते. म्हणजे एक बाटली म्हणजे जवळपास पावणेतीन लार्ज पेग! नुसता १०० मिलीचा ग्लासही एका स्मॉल पेगपेक्षा किंचित भारी पडतो. मोटार वाहन कायद्यात चालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच मर्यादा आहे. ‘बिअरच तर घेतली’ ही सबब तिथे चालत नाही.

मग मुद्दा काय?

आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणजे कमी पैशांत लवकर चढणारी, असा हिशेब रूढ आहे. पिंपातली बिअर नेमकी उलट मागणी करते. जास्त ताकद म्हणजे कमी माप आणि जास्त वेळ. लेबलवर टक्केवारी छापलेली असते, पण टेबलावर मोजले जातात ते ग्लास. म्हणून बारवाल्यांनी अशी बिअर पाइंटने नव्हे, छोट्या ग्लासानेच द्यावी आणि मेन्यूत टक्क्यांशेजारी ‘किती पेग’ हेही लिहावे. पिणाऱ्यांनी एक बाटली चौघांत वाटून घ्यावी आणि घरी जाताना टॅक्सी करावी. वर्षभर मुरलेली गोष्ट दहा मिनिटांत संपवण्यात ना चव आहे, ना शहाणपण.