चिमुकल्या फौजेची बडदास्त

किल्ला मोडला की मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात कोंबायचे आणि पुढल्या दिवाळीला निम्म्यांची मुंडकी शोधत बसायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. वडिलांनी घेतलेल्या महाराजांचा हात असाच गेला.

यंदा भाचा टेबलावरच्या युद्धखेळाची आपली फौज घेऊन आला. जेमतेम सव्वा इंचाचे शिपाई, एकेकाला रंगवायला दोन-दोन संध्याकाळी. आणि पुण्याहून एस. टी.चे धक्के खाऊनही एकाचा भाला वाकलेला नाही! डबा उघडून पाहिला. प्रत्येकाच्या बैठकीखाली मसुरीच्या डाळीएवढे चपटे लोहचुंबक, डब्याच्या तळाशी लोखंडी पत्रा. (ॲल्युमिनियमचा चालत नाही बरे का!) शिपाई पायाशी तेवढा धरलेला, तलवारीला, रंगाला कशाचाही स्पर्श नाही. कापूस मात्र नको. तो भाल्यात अडकतो आणि निघताना भालाच घेऊन येतो.

घरात रांगते मूल असेल तर ही चुंबके फार जपा. दोन गिळली गेली तर आतड्याच्या घड्या मध्ये पकडून भोक पाडतात.

शिशाचे जुने शिपाई कोणाकडे असलेच, तर ते ओकच्या लाकडी खणात ठेवू नयेत. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशाची पांढरी भुकटी होते. तिला हात लावलाच, तर साबणाने धुवावा.

परवा बसून आमच्या मावळ्यांनाही चुंबके चिकटवली. महाराजांच्या सिंहासनाला चार लागली.