हरीण, सुरी आणि मुलाण्याचा नातू

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी तो सुरू होतो. त्या नऊ दिवसांत लाखो माणसं केशरी जाकिटं घालून रानात जातात. त्यात शेतकरी असतात, तसे शिक्षक, ट्रकचालक, बँकेतले कारकून आणि नर्ससुद्धा असतात. सोमवारी कामावर आल्यावर गप्पा रंगतात. 'पोट मी एकटीने साफ केलं, आतडं कुठेही फुटलं नाही,' असं एखादी बाई सांगते आणि ऐकणारे तिचं कौतुक करतात.

हेच वाक्य आपल्याकडे एखाद्या मुलीने तिला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर उच्चारून बघावं. पाहुणे मटणाच्या बिर्याणीचं ताट रिकामं करूनच उठतील, पण त्या घराशी सोयरीक करणार नाहीत. ताट चालतं आणि सोयरीक चालत नाही, याबद्दल मला लिहायचं आहे.

मी बारा वर्षांपासून विस्कॉन्सिनमध्ये राहतो. गेल्या हंगामात पहिल्यांदाच शिकारीला गेलो. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे शिकारीचा परवाना हवा असेल, तर साधारणपणे आधी एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. बंदूक कशी धरायची, कुणाच्या जमिनीवर जायचं नाही, अंधारात गोळी का झाडायची नाही, हे सगळं त्यात असतं. मात्र सर्वात जास्त भर एकाच गोष्टीवर असतो. नेम पुढच्या पायामागे, हृदय-फुप्फुसांवर धरायचा, म्हणजे जनावर लवकर मरतं. तसा नेम मिळत नसेल तर ते जाऊ द्यायचं. हे शिकताना मला हदीसमधली ताकीद आठवली. जबह करायचं तर नीट करा, सुरीला धार लावा, जनावराला यातना होऊ देऊ नका, अशी ती ताकीद. वर्गातल्या कुणालाही ती ठाऊक नव्हती, पण सगळे तीच शिकत होते.

गोळीने मारलेलं जनावर हलाल की नाही, हा प्रश्न सोपा नाही. कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकवलेल्या प्राण्यांकरवी केलेल्या शिकारीला परवानगी आहे आणि इहराममध्ये असताना शिकारीला मनाई आहे. बाणाची टोकदार बाजू घुसून जनावर मेलं तर खा, आडव्या माराने मेलं तर खाऊ नका, असंही सांगितलेलं आहे. बंदूक तेव्हा नव्हती. म्हणून आमच्या हनफी परंपरेतले बरेच आलिम म्हणतात, की गोळीने मेलेलं चालत नाही, जिवंत सापडलं आणि जबह केलं तरच चालतं. इतर अनेक आलिम बिस्मिल्लाह म्हणून झाडलेली गोळी पुरेशी मानतात. मी पहिला मार्ग धरायचं ठरवलं आणि कमरेला सुरी लावून गेलो.

सोबत आमचे शेजारी होते, सत्तरीचे निवृत्त सुतार. फज्रची नमाज मी गाडीशेजारी, गोठलेल्या गवतावर अदा केली आणि आम्ही झाडाखाली जाऊन बसलो. पहिला दिवस रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या शेपटीची एक मादी झाडीतून बाहेर आली आणि सत्तर-ऐंशी पावलांवर आडवी उभी राहिली. बिस्मिल्लाह म्हणून मी चाप ओढला. ती थोडी धावली आणि पडली. आम्ही पोचलो तेव्हा श्वास चालू होता. मी पाठीमागून जाऊन जबह केलं. शेजाऱ्यांनी टोपी काढली आणि काहीही न बोलता उभे राहिले. आता या जनावरातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. मांस खराब होऊ नये म्हणून पोट तिथेच, रानात साफ करायचं असतं. जनावर पाठीवर लोळवलं. आधी गुदद्वाराभोवती गोल काप दिला, तेही मूत्राशयाला धक्का न लावता. मग पोटाच्या कातडीखाली दोन बोटं घालून, त्यांच्यामध्ये पातं वरच्या बाजूला धरून छातीच्या हाडापर्यंत चीर नेली. पातं खाली वळलं की वजडी फुटते आणि अर्धवट पचलेला चारा सगळ्या मांसावर पसरतो. त्यानंतर छाती आणि पोट यांमधला पडदा कापला, कोपरापर्यंत हात आत घालून श्वासनलिका तोडली आणि सगळं एकदम बाहेर ओढलं. बाहेर बोटं थंडीने बधिर झाली होती आणि आत ऊब होती. कलेजी हातात आल्यावर मी पित्ताची पिशवी शोधू लागलो. घरी कलेजी आली की अम्मीचा पहिला प्रश्न तोच असायचा, पित्त फुटलं नाही ना? शेजारी हसले. हरणाला पित्ताची पिशवी नसतेच, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आणून ते गॅरेजमध्ये उलटं टांगलं. कातडं सोलताना सुरी कमी आणि मूठ जास्त वापरायची, म्हणजे कातड्यालाही भोक पडत नाही आणि मांसालाही. पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, त्यामुळे सुरी योग्य जागी फिरली की तो अलगद हातात येतो. मागच्या रानेत मात्र सांधा शोधावा लागतो. हरणाची चरबी मेणासारखी तोंडात चिकटते, म्हणून ती काढून टाकायची. स्नायूंवरचे पांढरे पडदेही काढायचे. दोन संध्याकाळी गेल्या आणि साधारण एकवीस किलो मांस निघालं. विस्कॉन्सिनच्या हरणांत २००२ सालापासून मेंदूचा एक प्राणघातक रोग आढळतो, म्हणून नमुना तपासायला दिला आणि अहवाल येईपर्यंत सगळं फ्रीझरमध्ये ठेवलं. त्यानंतर कुर्बानीसारखे तीन वाटे केले.

पोट साफ करायला मला पाऊण तास लागला होता. आपल्याकडचा खाटीक तेवढ्या वेळात बकरा सोलून, साफ करून, चाप, सीना, दस्त, रान असे भाग वेगळे करून पुढच्या घरी निघालेला असतो. ईदच्या दिवशी तो हे पंधरा-वीस वेळा करतो. आपण मात्र त्याने उशीर केला म्हणून कुरकुर करतो आणि पैशांसाठी घासाघीस करतो.

माझे आजोबा सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचे मुलाणी होते. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार. जत्रेचं बकरं असो की लग्नाचं, ते मुलाण्याच्या हातून हलाल व्हायचं आणि मग सारा गाव जेवायचा. सुगीला त्याचं बलुतं घरी यायचं. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. ते काम जन्माने गळ्यात पडलेलं होतं आणि त्यातून सुटका नव्हती. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले तेव्हा घरातून सुरी गेली म्हणून आजीने शुक्राना अदा केला. तिचं काही चुकलं नाही. ज्या कामाने पोट भरतं पण मान मिळत नाही, ते मुलाने सोडावं असं कोणत्याही आईला वाटेल. म्हणूनच मुलाण्याच्या नातवाला जबहनंतरचं सगळं काम एका अमेरिकन सुताराकडून शिकावं लागलं.

अमेरिकेत हे काम हलकं का ठरत नाही? माझ्या मते त्याचं मुख्य कारण असं, की शिकारीसाठी तिथे कुणी जन्म विचारत नाही. अभ्यासक्रम करा, परवाना घ्या, रानात जा. रानातल्या हरणाचं मांस विकायला बंदी आहे, म्हणजे जो मारतो तोच कापतो, खातो आणि वाटतो. बंदुका आणि काडतुसांवर तिथे १९३७च्या कायद्याने विशेष कर आहे, रायफली आणि काडतुसांवर तो ११ टक्के असतो. तो पैसा वन्यजीवांच्या संवर्धनावर खर्च होतो, त्यामुळे शिकाऱ्याला आपण रानाचे देणेकरी आहोत असं वाटत नाही. आपल्याकडे ज्यांना जनावराची वाट, पाऊल आणि वेळ सर्वात चांगली कळायची, त्या पारध्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या मनातून अजून गेलेला नाही.

कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा नसता तर आपली काळविटं आणि चितळं चित्रातच उरली असती. विस्कॉन्सिनमध्ये हरणं इतकी झाली आहेत, की ती शेतं खातात आणि गाड्यांवर आदळतात. तिथला न्याय इथे लागू होत नाही. भिंतीवर मुंडकी टांगण्यासाठी मारणारेही अमेरिकेत आहेतच. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करायला आपल्या पैगंबरांनी मनाई केली आहे, त्यामुळे त्यांची वकिली मी करणार नाही.

माझा मुद्दा कौशल्याचा आहे. हौस म्हणून केलं की तेच काम पराक्रम ठरतं आणि पोटासाठी केलं की 'कसाई' ही शिवी होते. ही शिवी फक्त बाहेरचे देतात असं नाही. इस्लाममध्ये जात नाही, हे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो आणि खाली उतरल्यावर कुरेशी किंवा खाटीक घरातलं स्थळ आलं की 'आपल्या बिरादरीतलं नाही' म्हणतो. मुलगा डॉक्टर असला तरी त्याच्या आजोबांची सुरी आपल्याला दिसते. बाहेरच्यांनी आपल्याला क्रूर म्हटलं की आपण खवळतो. मग घरातल्या घरात आपण आपल्याच माणसाला तेच म्हणतो, त्याचा राग कुणाला येतो?

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. कुर्बानीच्या दिवशी मुलांना आणि मुलींनाही खाटकाशेजारी उभं करा, त्याला उस्ताद म्हणायला लावा आणि निदान दस्त सोडवायला शिकवा. दूर राहणाऱ्याने ऑनलाइन कुर्बानी द्यावी, पण ज्याच्या दारात जागा आहे त्याने वास नको म्हणून काम मोबाइलवर सोपवू नये. नगरपालिकेकडे पाणी, उजेड आणि गटार असलेला कत्तलखाना मागताना ती मागणी फक्त कुरेशी जमातीच्या निवेदनात नको, मटण खाणाऱ्या सगळ्यांच्या सह्या त्याखाली हव्यात. त्यात मटणाच्या रस्स्यावर ताव मारणारे आपले मराठा, माळी, धनगर शेजारीही आले.

या सगळ्यांत सोयरिकीचा प्रश्न सर्वात अवघड आहे, कारण त्यासाठी पालिकेकडे जावं लागत नाही. ज्याच्या हातचं खायला चालतं त्याच्या घरी मुलगी द्यायला का चालत नाही, हे येत्या बकरी ईदला आपापल्या दस्तरखानावर मोठ्याने विचारावं. उत्तर देताना समोरच्या ताटाकडे बघावं.