कुंडीतले झाड आणि घरातली हवा

सातारा आणि सांगलीच्या रोपवाटिकांत पूर्वी लोक मोगरा, जास्वंद, तुळस, फार तर एखादे गुलाबाचे कलम मागत. अलीकडे ‘हवा शुद्ध करणारे झाड’ मागणारा एक नवा ग्राहकवर्ग निर्माण झाला आहे. मनीप्लँट, स्नेक प्लँट, स्पायडर प्लँट, अरेका पाम ही नावे आता शिक्षकांच्या व कारकुनांच्या घरीही परिचयाची झाली आहेत. घरात हिरवे पान यावे यासारखी चांगली गोष्ट नाही. परंतु त्या पानावर जी कामगिरी लादली जात आहे ती त्याला पेलणारी आहे काय, याचा विचार झाल्यावाचून हा शौक निर्दोष म्हणता येणार नाही.

या समजुतीचे मूळ अमेरिकेत आहे. ‘नासा’ या अंतराळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ बी. सी. वुल्व्हर्टन यांनी १९८९ साली एक अहवाल सिद्ध केला. हवाबंद पेटीत झाड ठेवले असता बेंझिन, फॉर्मल्डिहाइड यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. निष्कर्ष खोटा नव्हता. पण राहते घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. दाराखिडक्यांतून, कौलांच्या फटींतून हवेची ये-जा चालूच असते आणि त्या मानाने झाडाचे काम नगण्य ठरते. २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. सर्वसाधारण वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी झाडांकडून करून घ्यावयाची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यातून निघाले. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचे क्षेत्रफळ सुमारे सव्वानऊ चौरस मीटर भरते. म्हणजे अगदी कमीत कमी धरले तरी नव्वदांहून अधिक कुंड्या झाल्या! मग घरमालकाने बसावे कोठे, हा प्रश्न उरतोच.

खरा प्रश्न घरातली हवा बिघडते कशाने, हा आहे. संध्याकाळ झाली की डासांच्या भयाने खिडक्या लावून घ्यावयाच्या, कोपऱ्यात डासांची कॉइल पेटवावयाची, देवापुढे उदबत्ती लावावयाची आणि मुलांना त्याच खोलीत अभ्यासाला बसवावयाचे, हा असंख्य घरांचा परिपाठ आहे. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. ज्या घरात सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्याला अंगणात घालविले जाते, त्याच घरात ही कॉइल रात्रभर धुमसत असते. शेजारी स्नेक प्लँटची कुंडी असली म्हणून यात काय फरक पडणार?

खेड्यांतील चित्र याहून गंभीर आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅसच्या शेगड्या घरोघर पोहोचल्या. परंतु सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा खर्च झेपेना तेथे चूल कायम राहिली आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब तर बहुतेक ठिकाणी जळणावरच तापतो. कराड, वाळवा या उसाच्या मुलुखात पाचट पेटविल्याचा धूर वर आणखी येतो. या प्रश्नावर महाराष्ट्रात उत्तरे शोधली गेली नाहीत असे नव्हे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील संस्थेने पाचटापासून स्वयंपाकाचा कोळसा करण्याची पद्धत सिद्ध केली. तिला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही ग्रामीण घरांसाठी कंदील आणि शेगड्या यांवर दीर्घकाळ काम केले. या प्रयत्नांची माहिती घेण्यास मात्र सुशिक्षितांना सवड होत नाही.

जुन्या वाड्यांची रचना करणारांना बेंझिन हा शब्द ठाऊक नव्हता. तथापि मधला चौक उघडा, स्वयंपाकघराला धुराडे आणि तुळस चौकात, उन्हात, अशी त्यांची व्यवस्था होती. तुळशीला ऊन लागते; दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ती पंधरवड्यात वाळू लागते. आजच्या सदनिकेत चौक नाही हे खरे, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या सकाळ-संध्याकाळ अर्धा तास उघडण्यास कोणाची हरकत आहे? खिडकीला डासांची जाळी बसविण्याचा खर्च चार शोभिवंत कुंड्यांहून फारसा अधिक नाही.

मग घरात झाडे ठेवूच नयेत काय? अवश्य ठेवावीत. डोळ्यांना विसावा मिळतो, मुलांना निगा राखण्याची सवय लागते. रात्री झाड प्राणवायू ओढून घेते म्हणून भिण्याचेही कारण नाही. शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी अधिक ओढतो. निवड मात्र उजेड पाहून करावी. कमी उजेडाच्या खोलीत मनीप्लँट किंवा स्नेक प्लँट तग धरतो. कोरफडीला आणि अरेका पामला खिडकीजवळची जागा हवी. रांगते मूल असलेल्या घरी डिफेनबॅकिया आणू नये. त्याचे पान चावले तर जीभ आणि तोंड सुजते. मनीप्लँटही मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नये.

घरातली बहुतेक झाडे तहानेने मरत नाहीत, पाण्याने मरतात. बोटाने माती चाचपून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. स्नेक प्लँटला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरते. कुंडीच्या तळाला छिद्र असलेच पाहिजे. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीच्या ज्या घरांत कृष्णेचे पाणी शिरले, तेथे भिंतींना ओल आणि बुरशी धरली. अशा खोलीत सदैव ओल्या कुंड्या मांडणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच होय. तेथे आधी भिंत वाळू द्यावी.

कुंडीखालच्या बशीत आणि मनीप्लँटच्या बाटलीत साचलेल्या पाण्यावर डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून हे पाणी आठवड्यातून एकदा बदललेच पाहिजे. ही अंडी काचेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, तेव्हा बाटली नुसती रिकामी करून भागत नाही, आतून घासावी लागते.